पाठपोट

ओडिलोन टालमन गुरुवारी यायचा,
काखेत पुठ्ठ्याची नळी, बुटांना कालव्याकाठचा चिखल.
चाळीस वर्षं ट्रामचे ब्रेक दुरुस्त केलेले हात
नळीचं झाकण मात्र असं काढायचे
जणू आत कुणी नुकतंच झोपलंय.

मी कागद दुरुस्त करते. गेंटमध्ये, मासळीबाजारामागे.
घड्या उलगडते, भोकं बुजवते,
गव्हाच्या खळीनं पाठीला कापड लावते.

त्याला हवी असत फक्त इथली छोटी पोस्टरं,
कॅफेच्या काचेत मावतील एवढी.
डोक्यावर कोरी पट्टी, थिएटरनं वार-वेळ लिहावी म्हणून,
कोपऱ्यात कराचं तिकीट, दातेरी.
"अमेरिकेतलं अस्सल का नाही घेत?"
"ते सिनेमा पाहिलेल्यांनी काढलेलं," तो नाक मुरडायचा.
इथल्या चित्रकाराला मिळायचा
एक काळापांढरा फोटो आणि दोन दिवस.
झगा कुठल्या रंगाचा, ते त्याच्या मनावर.
म्हणून तीच बाई आमच्याकडे लाल,
मिलानच्या कागदावर हिरवी,
कोपनहेगनला पिवळी.
"मग खरा रंग कुठला?"
"कॅमेऱ्यालाच कुठे ठाऊक होता!"

नावंही दोन. वर फ्रेंच: वाळूतली मोहिनी.
खाली फ्लेमिश, बोटभर बारीक: शेरीफ परतत नाही.
"आई एक सिनेमा पाहून यायची," ओडिलोन म्हणाला,
"बाप दुसरा.
एकाच बाकावर बसून."

मार्चमध्ये त्यानं जे आणलं ते शेचाळीस सालचं.
कोर्त्रेकच्या एका प्रोजेक्शनवाल्याच्या विधवेकडून,
नव्या सायकलीच्या पैशांत.
ओठांवर आडवी घडी, घडीवर चीर.
मी सवयीनं पालथं घातलं.

मागे नकाशा होता.

लढाई संपलेली, कागद कुठेच नव्हता,
छापखान्यानं लष्कराची रद्दी उचलली असणार.
तपकिरी उंचवट्यांच्या रेघा, निळी स्खेल्डे,
वळणावर वीटभट्टी, तर, पाणचक्की,
आणि तरीपाशी तिळाएवढा काळा चौकोन.

ओडिलोननं चष्मा बदलला.
बोट नदीवरून सरकत गेलं,
भट्टीपाशी थांबलं, मागे आलं.
"हे आमचं."
चाळीसच्या मे महिन्यात ते गेलं. तो पाच वर्षांचा होता.
"जिना आठवतो," म्हणाला. "घर नाही आठवत."

कापड लावलं की हे झाकलं जाणार.
न लावावं, तर चीर वाढत जाणार.
मी दोन्ही सांगितलं, ते माझं कामच.
त्याची कॉफी थंड झाली. मग त्यानं ती थंडच प्यायली.

शेवटी मी चिरेवर फक्त जपानी कागदाची पट्टी दिली,
पापुद्र्यासारखी, नदी दिसेल अशी,
आणि त्यानं ते दोन काचांमध्ये धरून
रस्त्यावरच्या खिडकीत बसवलं.
मी चिडले. उन्हात? लाल सगळ्यात आधी उडतो!
"मी ब्याऐंशीचा," तो हसला. "लावतेस पैज?"

आतून बघावं तर मोहिनी,
हातात चाबूक, मागे कधीच नसलेला डोंगर.
दुपारी ऊन आरपार येतं
तेव्हा तिच्या गळ्यातून नदी वाहते,
उलट्या दिशेनं.

गेल्या शरदात त्या गल्लीतून गेले.
झग्याचा लाल आता फिकट चहासारखा.
पण बाहेर, फुटपाथवर,
पावाची पिशवी सायकलला अडकवून
एक म्हातारी काचेला नाक लावून उभी होती.
मी विचारलं, काय शोधताय?
तिनं वळूनही पाहिलं नाही.
"थांब जरा," म्हणाली, "चक्कीपर्यंत आलेय."